पॉवर स्टेअरिंग आणि आमचे हे

आमच्या घरात ट्रकविषयी बोलणं निघालं की मी गप्प बसते, आणि इतर कशाविषयीही निघालं की हे गप्प बसतात. ही वाटणी कुणी केली नाही, लग्नानंतर आपोआप होत गेली, आणि तिच्यावर आमचा संसार बरा चालला. मी सरकारी कचेरीत नोकरी केली आणि वय झाल्यावर निवृत्त झाले. यांनी हडपसर आणि आसपासच्या बांधकामांवर वीट-वाळू वाहिली. निवृत्तीचा विषय काढला की यांना हमखास बाहेर काहीतरी काम आठवतं.

मागच्या पावसाळ्यानंतर ट्रकचं इंजिन ऑइल प्यायला लागलं. हे शब्द यांचे. मला एवढंच दिसत होतं की ट्रक सुरू झाला की शेजारीण गॅलरीतले कपडे आत घेते. मग एक दिवस हे म्हणाले, नवीन इंजिन बसवतोय. नवीन म्हणजे कंपनीतून आलेलं, असं मी समजले. ते निघालं दुसऱ्याच एका भंगारात गेलेल्या ट्रकचं. "मग ते नवीन कसं?" मी विचारलं. "आपल्या गाडीला नवीन," हे म्हणाले. आमच्या कचेरीत असा खुलासा कुणी लिहून दिला असता तर मी फाईल परत पाठवली असती.

इंजिन बसवलं ते यांच्या तरुणपणापासूनच्या मित्राने. मांजरीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. दोघं भेटले की आधी भांडतात, मग चहा पितात, मग पुन्हा भांडतात, आणि या सगळ्यात कधीतरी गाडी दुरुस्त होते. या वेळीही झाली. धूर गेला, आवाज सुधारला, शेजारणीचे कपडे बाहेर राहू लागले. पण नवं इंजिन जुन्यापेक्षा वजनदार होतं आणि त्याचा सगळा भार पुढच्या चाकांवर आला. त्यामुळे स्टेअरिंग दगडासारखं झालं. हायवेवर त्रास नव्हता म्हणे. गाडी हळू झाली की ते फिरता फिरेना. मला हे ऐकून गोंधळायला झालं. वेगात जड जावं आणि हळू असताना सोपं, अशी माझी समजूत. "तुझी समजूत सायकलची आहे," हे म्हणाले आणि विषय संपला.

माझ्या दृष्टीने तो संपला नव्हता, कारण मध्ये यांचा डावा हात होता. थंडीत एका सकाळी चहाचा कप यांच्या हातातून सुटला. हात बधिर झाला होता. थोड्या वेळाने आपोआप बरा झाला, पण मी यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. म्हणाल्या, या वेळी निभावलं, पण लक्ष ठेवा. बोलताना जीभ अडखळली, चेहरा वाकडा वाटला, साध्यासाध्या गोष्टींत गोंधळ व्हायला लागला, तर घरी विचार करत बसू नका, सरळ इकडे या. हे मी पाठच करून टाकलं. तेव्हापासून मी यांच्या चेहऱ्याकडे इतकी बघायला लागले की हे एकदा म्हणाले, "लग्नाआधी एवढं पाहिलं असतंस तर नाही म्हणाली असतीस."

ट्रक काढून टाका, असं मी तेव्हापासून रोज सांगत होते. यांचं उत्तर ठरलेलं: "जयंती होऊ दे."

एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत प्रतिमा आमच्या ट्रकवर असते. लग्न होऊन मी या वस्तीत आले त्याच्या आधीपासून असते. बाकी वर्षभर वाळू वाहणारा तो ट्रक त्या दिवशी धुऊनपुसून, निळ्या झेंड्यांनी आणि फुलांनी सजून विहारासमोर उभा राहतो, आणि हे पांढरा शर्ट घालून स्टेअरिंगवर बसतात. मिरवणूक चालते ती माणसांच्या पावलांनी. पुढे लेझीम, चाकांच्या आजूबाजूला पोरं, मागे पांढऱ्या साड्या नेसलेल्या आम्ही बायका. वळणावर प्रतिमा हलता कामा नये, हा यांचा नियम. जयंतीच्या समितीने असं कधी सांगितलेलं नाही. पण कुठल्या एका वर्षी ती जराशी हलली होती, तर हे घरी येऊन जेवले नव्हते.

आता ज्या कामात गाडी सर्वांत हळू चालवायची तेच काम जड झालं होतं, आणि हात तो असा. फेब्रुवारीत समितीतला एक मुलगा घरी आला. खराडीला आयटीत आहे, बोलायला फार गोड. "काका, ॲक्च्युअली या वर्षी तुम्ही रिलॅक्स करा ना. आपण एक नवीन गाडी अरेंज करू. तुम्ही पुढे चला, मानाने." हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मानाने चालायला मी काय नवरदेव आहे?" तो मुलगा हसला. हे हसले नाहीत. "पॉवर स्टेअरिंग बसवतोय म्हणावं. बोटाने फिरतं. समितीला सांग."

पॉवर स्टेअरिंगचा बेत मलाही तेव्हाच कळला.

मला काय वाटलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. यांनी चालवणं सोडावं हे मला हवं होतं. पण त्या मुलाने ते सुचवलं तेव्हा मला त्याचा राग आला, आणि तो गेल्यावर यांचाही आला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. कुणावर आपटते आहे, हे मात्र ठरेना.

मेकॅनिकमित्राने समजावलं ते असं. ज्या ट्रकचं इंजिन आणलं त्याला मुळात पॉवर स्टेअरिंग होतं, त्यामुळे इंजिनावर पंपाची जागा तयारच आहे. पंप ऑइलला दाब देणार, ते ऑइल पाइपातून स्टेअरिंग बॉक्समध्ये जाणार, आणि जो जोर आजवर यांचे खांदे लावत होते तो आता ऑइल लावणार. "वहिनी, तुमी बी फिरवाल," तो म्हणाला. "मला नको," मी म्हटलं. "मला हेच फिरवायला खूप आहेत."

काम बरेच दिवस चाललं. हे रोज गॅरेजला जायचे आणि काळेकुट्ट होऊन यायचे. बॉक्स मिळाला, मग पाइप मिळेनात. पाइप मिळाले तर बॉक्स जागेत बसेना, कारण नव्या इंजिनाने तिथली जागा खाल्ली होती. मग काहीतरी कापलं, काहीतरी वेल्डिंग केलं, आणि एका रविवारी मला फोन आला: "ये बघायला." इतक्या वर्षांत यांनी मला ट्रक बघायला कधी बोलावलं नव्हतं. मी रिक्षा करून गेले.

ट्रकचं तोंड जॅकवर उचलून ठेवलं होतं आणि मित्र खाली शिरला होता. हे वर बसून एका बोटाने स्टेअरिंग फिरवत होते, आणि तोंडावर असं हसू की मला ओळखच पटेना. "आता एकीकडं पूर्ण," खालून आवाज येई. हे फिरवत. "आता दुसरीकडं पूर्ण." हे पुन्हा फिरवत. पाइपांतली हवा काढायला तसं करावं लागतं म्हणे. "गळत न्हाय," मित्र ओरडला. "हलकं लागतंय का?" हे म्हणाले, "लोण्यासारखं!" दोघंही खूश. मीही खूश झाले, कारण हे खूश होते. चाकं फिरत होती, ऑइल गळत नव्हतं, आणखी काय बघायचं असतं?

जॅक काढला. गॅरेजच्या फाटकातून रस्त्यावर यायला उजवीकडे वळावं लागतं. डावीकडे जुन्या टायरांची थप्पी. यांनी गाडी सुरू केली, स्टेअरिंग उजवीकडे घेतलं, आणि ट्रक शांतपणे डावीकडे निघाला. यांनी आणखी उजवीकडे घेतलं. तो आणखी डावीकडे गेला आणि थप्पीत शिरला. टायर गडगडत रस्त्यावर आले. "अहो, कुठे चाललात!" मी ओरडले. हे मागे आले, सरळ झाले, पुन्हा पुढे निघाले, आणि पुन्हा टायरांत.

मग यांनी इंजिन बंद केलं. मी धावत दाराशी गेले. हे स्टेअरिंगवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत होते. आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे.

"मला डावं-उजवं कळत नाहीये," हे हळू आवाजात म्हणाले.

मला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. साध्यासाध्या गोष्टींत गोंधळ. विचार करत बसू नका. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते मला वाकडंच वाटलं. आता आठवलं की कळतं, त्या क्षणी ते कुणालाही वाकडं वाटलं असतं, कारण रडू आवरायला यांनी ओठ घट्ट धरले होते. मित्र हात पुसत धावत आला. "वहिनी, आधी डॉक्टर. गाडीचं मी बघतो."

आम्ही रिक्षात बसलो. मी यांचा डावा हात धरून बसले होते, आणि तो डावाच आहे ना हे दोनदा तपासलं. मनात काय चाललं होतं ते सांगते. संपलं आता, हे आता चालवणार नाहीत, असं वाटत होतं. त्यात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. आणि सुटल्यासारखं वाटतंय म्हणून ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी यांना झोपवलं, बसवलं, चालवलं. "उजव्या हाताने डावा कान धरा." यांनी धरला. "डोळे मिटून नाकाला बोट लावा." लावलं. "आज वार कोणता?"

"रविवार."

"काका, तुमचं सगळं बरोबर आहे. मग नेमकं होतंय काय?"

"उजवीकडे वळलो की डावीकडे जातोय."

"चालताना?"

"गाडीत."

"कधीपासून?"

"पॉवर स्टेअरिंग बसवल्यापासून," हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

बाईंनी ते कागदावर लिहिलं आणि मग खोडलं. तरीही डोक्याचा फोटो काढून घेऊ म्हणाल्या. तो काढला. त्यातही काही सापडलं नाही. त्यांना काही कळेना, आणि डॉक्टरला कळत नाही म्हटल्यावर मला फारच भीती वाटायला लागली. एवढ्यात माझा फोन वाजला. यांचा मित्र होता. धापा टाकत होता.

"वहिनी, मला बी झालंय!"

"काय झालंय?"

"त्येच. त्येला झालं त्येच. गाडी बाजूला घ्यावी म्हणून बसलो, तर मी बी टायरात गेलो."

फोन कानाशी धरून मी बाकावर बसले. दोघांना एकाच दिवशी, एकाच ट्रकमध्ये एकच आजार, हे माझ्या डोक्यातच शिरेना. तोच पुढे म्हणाला, "म्हणलं, दोघांची डोकी येकदम कशी जातील? म्हणून लगीच खाली शिरलो. बॉक्स पालथा बसलाय, वहिनी. जागा नव्हती म्हणून मीच पालथा बसवला. आता असं बघा, तळहात पुढं धरा. आंगठा कुठल्या बाजूला? आता हात पालथा करा. आंगठा कुठं गेला?"

दवाखान्याच्या बाकावर मी तळहात पुढे धरला आणि पालथा केला. अंगठा दुसऱ्या बाजूला गेला. स्टेअरिंग उजवीकडे, चाकं डावीकडे. जॅकवर असताना एकीकडे पूर्ण, दुसरीकडे पूर्ण सगळं पाहिलं होतं; कुठलं एकीकडे आणि कुठलं दुसरीकडे, ते एकानेही पाहिलं नव्हतं.

मी सांगितल्यावर डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. मी हसता हसता रडले आणि रडता रडता त्या मित्राला फोनवर वाट्टेल ते बोलले. माझा जीव भांड्यात पडला होता. हे मात्र पलंगाच्या कडेला बसून शर्टाच्या बाहीची गुंडी लावत होते.

"त्याला कधी कळलं?" यांनी विचारलं.

"लगेच, म्हणाला. टायरांत गेल्यावर लगेच खाली शिरला."

"हं," हे म्हणाले.

त्या 'हं'कडे मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, मित्राचा राग आला असेल.

बॉक्स काढून सुलटा बसवला. त्यासाठी बॅटरीची जागा बदलावी लागली, पुन्हा कापाकापी, पुन्हा वेल्डिंग. या खेपेला चाचणी घेताना गॅरेजातली सगळी माणसं "उजवीकडे! डावीकडे!" असं ओरडत होती. मी ट्रकसमोर उभी राहून बघत होते आणि मला सगळं उलटंच दिसत होतं. मी तोंड ट्रककडे करून उभी आहे हे नंतर लक्षात आलं. ट्रक फाटकातून बाहेर आला, जिकडे वळवला तिकडे वळला. मित्राने पेढे वाटले. यांनी अर्धा खाल्ला.

नंतर हे मला एकदोनदा मार्केट यार्डापर्यंत घेऊन गेले. स्टेअरिंग खरोखरच बोटाने फिरत होतं. पण प्रत्येक वळणाआधी हे क्षणभर थांबायचे. सिग्नल नाही, गर्दी नाही, तरी थांबायचे. मागचे हॉर्न वाजवायचे. "काय बघताय?" मी एकदा विचारलं. "काही नाही," हे म्हणाले. ट्रकविषयी मी फार विचारत नाही, म्हणून मीही सोडून दिलं.

जयंतीच्या दिवशी दुपारी ट्रक विहारासमोर उभा राहिला. तो खराडीचा मुलगा स्वतः झेंडे बांधत होता. यांनी पांढरा शर्ट घातला होता. हात पुन्हा बधिर झाला तर जवळ असावं म्हणून मी मागे बायकांत न जाता केबिनमध्ये शेजारी बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की आतून काय दिसतं. काहीच दिसत नाही. डोकी दिसतात. काचेच्या खाली नुसती पोरांची डोकी, आणि त्यांतून हे रस्ता काढत जातात. कुणी मडगार्डवर हात ठेवून चालतंय, कुणी सरबताचा पेला वर करून देतंय. यांनी एकदाही झटका बसू दिला नाही. शेवटच्या चौकात आम्ही इतके सावकाश वळलो की वळलोय हे मला बाजूची दुकानं बदलल्यावर समजलं. मी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. प्रतिमेसमोरचा हारसुद्धा हलला नव्हता.

संध्याकाळी विहारापाशी परत आलो. लोकांनी प्रतिमा उतरवून आत नेली. वंदना सुरू व्हायची होती. मी म्हणणार होते, की अहो, राहू द्या, चालवा तुम्ही पुढच्या वर्षीही. मनात वाक्य तयार होतं. एवढ्यात यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"समितीला सांग, पुढच्या वर्षी दुसरा बघा. उद्यापासून मी चालवणारच नाही."

"का? हात बधिर झालाय?"

"हात चांगला आहे."

मग हे बोलले. इतकं सलग यांना बोलताना मी क्वचितच ऐकलं असेल. "इतकी वर्षं गाडी कुठे चुकली की मी आधी गाडीला शिव्या घातल्या. मग आपल्या मेकॅनिकला, मग रस्त्याला. स्वतःपर्यंत यायची वेळच आली नाही. तो टायरांत गेला, तर लगेच गाडीखाली शिरला. मी गेलो, तर माझ्या मनात गाडी आलीच नाही. एकदम वाटलं, झालं, आपलं डोकं गेलं. दवाखान्यात जाईपर्यंत मला तेच खरं वाटत होतं. आता प्रत्येक वळणाला आधी स्वतःला विचारतो, उजवं कुठलं. असा माणूस पोरांच्या गर्दीतून गाडी नेतो, हे बरं नाही."

"अहो, पण चूक गाडीचीच होती ना?"

"त्या दिवशी होती," हे म्हणाले.

मी किल्ली मुठीत धरली. हिवाळ्यापासून मी जे मागत होते ते माझ्या हातात होतं, आणि मला ते नको होतं. परत द्यावं तर कुठल्या तोंडाने, ठेवावं तर यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात समितीचा तो मुलगा खिडकीवर थाप मारत आला. "काका, गाडी जरा बाजूला घ्या ना, मागे सगळं ब्लॉक झालंय." हे जागचे हलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मागे हॉर्न वाजायला लागले. मी किल्ली यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "उजवीकडे घ्या."